समुद्राकडे पाठ फिरवणारी नदी

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन आंबोलीला गेलो होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं हे घाटमाथ्यावरचं गाव सुमारे ६९० मीटर उंचावर आहे. हवा स्वच्छ होती, म्हणून कड्यावरून लांबवर समुद्राची रुपेरी रेघ दिसली. भाचा तर नाचायलाच लागला!

मग त्यानं विचारलं, "मामा, आपलं धाराशिवही डोंगरावरच आहे ना? मग इथं वर्षाला सात हजार मिलिमीटर पाऊस आणि आपल्याकडे जेमतेम सातशे, असं का?"

प्रश्न बरोबर होता. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या उभ्या भिंतीला थडकतात, वर चढतात, गार होतात नि तिथंच रिते होतात. आपल्या बालाघाटापर्यंत पोचतं ते उरलंसुरलं.

पुढं हिरण्यकेशीचा उगम पाहिला. गुहेतून पाणी येतं, बाहेर कुंड आहे. इथल्या एका चिमुकल्या माशाची नवी जात म्हणून २०२० साली नोंद झाली. (भाच्यानं बिस्किटं टाकायला काढलीच होती, मी हात धरला!) गंमत म्हणजे समुद्र इतका जवळ असून ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला पळते, घटप्रभेला मिळते नि कृष्णेत जाते.

परतताना भाच्यानं एसटीत नकाशा उघडला. आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यातली बोरी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. "म्हणजे दोन्ही पाणी एकच की! मग टँकर आपल्याकडेच का?"

त्यावर बोलता बोलता सोलापूर आलं, तरी बोलणं संपलं नव्हतं.