न नांगरण्याचेही मोल द्या

ट्रॅक्टर, पॉवर टिलर किंवा रोटाव्हेटर घ्यायचा असेल तर शेतकऱ्याला यांत्रिकीकरणाच्या योजनेतून अनुदान मिळू शकते. बांधबंदिस्ती, सलग समतल चर, शेततळे यांनाही निधी आहे. माती हलवण्याच्या प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक सरकारदरबारी तयार असते. पण एखाद्याने डोंगरातली माती मुळीच हलवायची नाही असे ठरवले, तर त्या निर्णयाची किंमत कोणी करत नाही. सह्याद्रीतल्या शेतीचा प्रश्न इथेच अडला आहे.

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्याआधी उन्हाळ्यात झाडांची कवळ तोडून राब भाजलेला असतो, उताराची वरकस जमीन उकरून उघडी पडलेली असते. त्यावर मृगाच्या सरी कोसळल्या की सर्वांत आधी जातो तो मातीतला बारीक, सेंद्रिय, कसदार अंश. मागे उरतात ते गोटे. इंचभर माती तयार व्हायला शतके लागतात. उतारावरून ती वाहून जायला काही पावसाळे पुरतात. खाली खाचरात दरवर्षी चिखलणी होते. तिने पाणी साठते आणि तण दबते हे खरे, पण जमिनीची जडणघडण मोडते आणि भात निघाल्यावर ती टणक होते.

संवर्धित शेतीची सूत्रे तीन: माती कमीत कमी हलवा, ती सतत झाकलेली ठेवा आणि पिके बदलत राहा. यातले तिसरे डोंगरातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. वरकस जमिनीवर नाचणी, मग वरी, मग खुरासणी आणि त्यानंतर काही वर्षे पड, हा क्रम त्याचाच. जमिनीचे तुकडे पडले तसा पडीचा काळ आखडला. फेरपालट उरली, विश्रांती गेली. म्हणून केवळ ‘जुने ते सोने’ म्हणून भागणार नाही.

नवे काय करता येते, हे कर्जत तालुक्यात नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा राईस तंत्रा’ने दाखवले आहे. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने भोके पाडून भात टोकायचा, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यांवर वाल किंवा हरभरा घ्यायचा. राब नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. लावणीला माणूस मिळत नाही अशा गावांत हा दिलासा मोठा आहे. मात्र या तंत्राची दुखरी बाजूही बोलली पाहिजे. नांगर थांबला की तण उसळते आणि मग भिस्त तणनाशकावर येते. त्यातल्या ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्राने २०२२ मध्ये निर्बंध आणले. नदीच्या उगमाकडच्या शेतांत तर अधिकच सावधगिरी हवी. तणनाशकाची गरज कशी कमी करायची, हा दापोलीच्या कृषी विद्यापीठासमोरचा आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्रासमोरचा पहिला प्रश्न असायला हवा.

माती हलवण्याचा सोस कुठे नेतो याचा विचार करण्याची संधी आपण एकदा गमावली आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. आपत्तीचे मूळ अतिवृष्टीत आणि डोंगराच्या रचनेत होते. पण पडकईची, म्हणजे उतार सपाट करून खाचरे काढण्याची कामे, जी पूर्वी माणसे मिळून हाताने करत, ती यंत्रांनी उरकल्याने उतार कमजोर होतो का, हा सवाल तेव्हा विचारला गेला. त्यावरची चर्चा पुढे विरून गेली. यंत्रे मात्र आजही डोंगरात फिरत आहेत.

शेतकरी बदलत नाही, ही तक्रार सोपी आहे. त्याच्या अडचणी पाहिल्या तर ती टिकत नाही. भात कापल्यावर गावची गुरे मोकाट सुटतात. तिथे दुसरे पीक आणि शेतातला पालापाचोळा राखायचा कसा? एकट्याच्या कुंपणाने हे होत नाही. हिवरे बाजारसारखी चराईबंदी गावाने मिळूनच करावी लागते. रायगडमधले कातकरी, ठाकूर पिढ्यान्‌पिढ्या दळी जमिनी, म्हणजे जंगलातल्या उतारावरच्या जमिनी, कसत आले. ज्याचा हक्क पक्का नाही, त्याने वीस वर्षांनी फळणाऱ्या मातीत आज घाम का गाळावा? वनहक्क कायदा २००६ चा आहे. दळीधारकांचे प्रलंबित दावे निकाली काढणे हेदेखील मृदसंधारणच आहे. बाजाराचेही तसेच. २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता, भाताच्या २,३६९ च्या दुपटीहून अधिक. पण वाडीपासून जवळ खरेदी केंद्र नसेल, तर हा आकडा कागदावरच राहतो.

सरकारने तीन गोष्टी कराव्यात. विना नांगरणी शेतीकडे वळणाऱ्या डोंगरी शेतकऱ्याला पहिली तीन वर्षे एकरी मदत द्यावी. तण आणि उत्पन्नाची धाकधूक याच काळात सर्वाधिक असते. त्याची नोंद ई-पीक पाहणीत छायाचित्रासह घ्यावी, म्हणजे खोट्या लाभार्थ्यांना आळा बसेल. आणि उतारावर यंत्राने सपाटीकरण करण्यापूर्वी भूवैज्ञानिक तपासणी सक्तीची करावी.

याला पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली तेव्हाही अशीच शंका होती. पुढे त्याच योजनेने कोकणच्या वरकस जमिनीवर काजू-आंबा उभा केला. चिपळूणच्या २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्यासाठी निधी उभा राहिला. तो गाळ सगळाच शेतांतला नव्हता, पण काही हिस्सा नक्कीच होता. नदीतून माती उपसणाऱ्या यंत्राचे भाडे सरकार बिनतक्रार देते. तीच माती डोंगरावर धरून ठेवणाऱ्याला मेहनताना देण्यास त्याने नकार देणे हिशेबातही बसत नाही आणि न्यायातही.