होडीतले बिनभाड्याचे बिऱ्हाड

शिडाची होडी बाळगणाऱ्यांना वारा, भरती-ओहोटी, दुरुस्तीचा खर्च अशा बऱ्याच चिंता असतात हे मला ऐकून ठाऊक होते. पण वसंत ऋतू आला की त्यांची मोठी चिंता 'यंदा आपल्या होडीत कोण राहायला आले?' ही असते, हे मात्र लेकीकडे अमेरिकेत गेल्यावरच कळले. मेरीलंड राज्यात चेसापीक उपसागराच्या काठी लेक-जावयाची एक छोटी शिडाची होडी आहे. तिथल्या धक्क्यावर या विषयावर इतका खल ऐकला की माझेही एक मत तयार झाले. ते आज मांडते. पटले नाही तर भांडायला मोकळीक आहे, नातेवाईक मंडळींना तर आहेच आहे!

आधी ही बिऱ्हाडे थाटली कुठे जातात ते सांगते. मोठ्या शिडाची खालची कड ज्या आडव्या दांड्याला बांधतात त्याला बूम म्हणतात. हा दांडा आतून पोकळ, आणि त्याचे टोक पुष्कळदा उघडे. आपल्या साळुंकीच्या कुळातला स्टारलिंग नावाचा पक्षी आहे, त्याला ही झाडाची आयती ढोलीच वाटते. गुंडाळून खोळ घातलेले शीड म्हणजे तर ऊब, सावली, आडोसा सगळे एका जागी. केबिनची झडप उघडी राहिली की भिंगऱ्या आत शिरून छताला चिखलाचे घरटे चिकटवतात. (हिवाळ्यात आपल्याकडे विजेच्या तारांवर ओळीने बसतात ना, त्यांच्याच जातीच्या.) कुंभारीण माशीला बारीक नळ्यांची तोंडे आवडतात. आणि थंडीत होडी पाण्याबाहेर काढून ठेवली की शिडाच्या घड्यांत उंदरांची बाळंतपणे होतात.

'होईनात का, एवढे काय बिघडते?' असे आपल्याला वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण होडीवरचे प्रत्येक भोक काही कामासाठी ठेवलेले असते. इंधनाच्या टाकीत हवा जाण्याची नळी कुंभारणीने चिखलाने लिंपली, तर इंधन ओढले जात नाही आणि इंजिन नेमके बंदराच्या तोंडाशी बंद पडते. बसण्याच्या जागेतले पाणी वाहून नेणारी मोरी काडीकचऱ्याने तुंबली, तर एका मोठ्या पावसात होडी आतून भरते. स्वयंपाकाच्या गॅसच्या कप्प्याला तळाशी एक भोक असते, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर तिथून बाहेर पडावा लागतो. ते बुजले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. इंजिनावर वाळक्या गवताचे घरटे असले तर आगीची भीती.

याचे एक भयंकर उदाहरण होडीचे नाही, विमानाचे आहे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पोर्तो प्लाताहून निघालेले विमान समुद्रात कोसळले आणि १८९ माणसे गेली. वेग मोजणारी एक नळी बुजली होती. ती कुंभारीण माशीनेच बुजवली असावी असा तपास करणाऱ्यांचा संशय होता, कारण त्याआधी विमान उभे असताना नळीवर खोळ घातलेली नव्हती. एक कापडी खोळ, बस्स!

तेव्हा प्राण्यांना होडीच्या साधनांपासून दूर ठेवलेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. माझे म्हणणे आहे ते 'केव्हा' याबद्दल.

धक्क्यावर दोन पक्ष होते. एक म्हणे, 'उपटा आणि फेका, होडी माझी आहे.' दुसरा म्हणे, 'राहू द्या हो, बिचारे पक्षी.' मला दोन्ही पक्ष सारखेच आळशी वाटले. कारण दोघेही विचाराला सुरुवात करतात ती घरटे झाल्यावर. घरमालक म्हणून आपला हक्क आहे, पण तो भाडेकरू आत येण्याआधी बजावायचा. पाळणा हलल्यावर नोटीस द्यायची नसते.

कायदाही साधारण हेच सांगतो. अमेरिकेत १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. त्यानुसार अंडी किंवा पिल्ले असलेले घरटे परवान्याशिवाय हलवता येत नाही. रिकामे, अर्धवट घरटे मात्र बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत काढता येते. ब्रिटनचा १९८१ चा कायदा अधिक कडक. तिथे घरटे बांधायला घेतले की संरक्षण सुरू. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तर संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणे हे 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच घातले आहे.

यात एक गंमत आहे. स्टारलिंग मूळचा युरोपचा. १८९० आणि १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये काही पक्षी सोडले गेले आणि पुढे ते देशभर दिसू लागले. परका म्हणून अमेरिकेचा तो कायदा त्याला लागू नाही. ब्रिटनमध्ये त्याच पक्ष्याच्या, तशाच निळसर अंड्याला पूर्ण संरक्षण. मधे फक्त एक महासागर! स्टारलिंग तिथल्या मूळ पक्ष्यांच्या ढोल्या बळकावतो ही तक्रार खरी आहे, नाही असे नाही. पण म्हणून त्याची उबवलेली पिल्ले पाण्यात फेकावीत, हे मला पटत नाही. कायद्याने मोकळीक दिली म्हणून हात मोकळा सोडायलाच हवा असे थोडेच आहे?

त्या मे महिन्यात शेजारच्या होडीवाल्याने सुट्टीच्या दिवशी उत्साहाने शीड वर ओढले आणि घडीतून चार उघडी-नागडी पिल्ले डेकवर पडली. दोघा नातवंडांनी ती पाहिली. त्या गृहस्थाला मी दुष्ट म्हणणार नाही. खोळीत आधी हात घालून पाहिले नव्हते, एवढेच. पण मार्चमध्ये खोळीची दोन टोके दोरीने घट्ट आवळली असती, तर तो दिवस आलाच नसता.

उपाय अगदी साधे आहेत. बूमच्या टोकात फोमचा किंवा स्पंजचा बोळा बसवायचा. नळ्यांच्या तोंडांना जाळी लावायची, किंवा होडी उभी असेपर्यंत बूच मारायचे. बुचाला लाल फीत बांधायची आणि काढायच्या बुचांची यादी इंजिनाच्या किल्लीला अडकवायची, म्हणजे विसरायला नको. शिडे हिवाळ्यात घरी न्यायची, बिस्किटाचा चुराही मागे ठेवायचा नाही. आमच्या कोकणात पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात तेव्हा जाळी उंच टांगतात, ती उंदरांपायीच. प्लॅस्टिकच्या घुबडाला पक्षी चार दिवसांत ओळखतात, तो खर्च करू नये. आणि आत कोणी नाही ना, हे पाहिल्याशिवाय कोणतेही भोक बुजवू नये.

एवढे करूनही चुकून बिऱ्हाड आलेच आणि अंडी झाली, तर थांबावे. स्टारलिंगची अंडी बारा दिवसांत उबतात, पिल्ले आणखी तीन आठवड्यांत उडतात. भिंगरीचे दोन आठवडे अधिक तीन आठवडे. ऐन हंगामातले पाच आठवडे होडी बांधून ठेवायची हे जिवावर येते, मान्य आहे. पण ते आपल्या हलगर्जीपणाचे भाडे समजावे. कुंभारणीचे मात्र तसे नाही. गॅसच्या कप्प्याचे भोक तिने बुजवले असेल तर चिखल त्याच क्षणी खरवडावा. माझी दया इतकीही आंधळी नाही.

सगळ्यात चांगला उपाय जावईबापूंनी सांगितला. म्हणाले, 'आई, आठवड्यातून दोनदा होडी बाहेर काढली की कोणी येत नाही.' घरटे म्हणजे मालकाच्या गैरहजेरीची नोंद आहे, हे मला शाळेच्या हजेरीपटाइतके स्वच्छ दिसले.

आपल्यापैकी होड्या किती जणांकडे असणार म्हणा! पण गॅस गीझरचा धूर बाहेर नेणारा पाईप, एसीच्या मागची फट, बंद फ्लॅटचा एक्झॉस्ट पंखा आपल्या घरोघरी आहेत. कबुतरे तिथेच बिऱ्हाड करतात. धुराचा पाईप तुंबला तर विषारी वायू घरात कोंडतो, ही थट्टेची गोष्ट नाही. या रविवारी स्टुलावर चढून (किंवा तरुण मंडळींना चढवून) एकदा पाहून घ्या. आत अंडी नसतील तर लगेच जाळी बसवा. असतील तर तेवढे दिवस गीझर बंद ठेवून बंबाचे पाणी घ्या. आम्ही वर्षानुवर्षे घेतच होतो.