लेकीचं ताट, नातवंडाचं पोट

परवा मलकापुरात आमच्या बचत गटाची बैठक होती. हिशेब संपला, चहा आला आणि विषय नेहमीप्रमाणे वजनावर घसरला. "अगं, दोन घास खाते, तरी पोट सुटतंच," एक जण म्हणाली. "मग काय हवा खाऊन सुटलं?" दुसरीनं टोमणा मारला. सगळ्या हसल्या. तीही हसली, पण तिचा चेहरा उतरलेला मला दिसला.

जाडी म्हणजे खादाडपणा किंवा आळस, असं आपण धरूनच चालतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल वाचलं आणि असं बोलणं मी सोडून दिलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं प्रत्येक मापात लहान, पण कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून! कमी भरले ते स्नायू आणि पोटातले अवयव. म्हणजे दिसायला हडकुळं, आतून चरबीचं. मोठेपणी मधुमेहाचा धोका इथूनच सुरू होतो.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

असं का होतं? याच्या अनेक कारणांतलं एक म्हणजे मायक्रोआरएनए. जनुकं ही पेशीची पाककृतींची वही मानली, तर 'हा पदार्थ आत्ता नको' असं सांगणारे हे चिमुकले रेणू. ते प्रथम १९९३ मध्येच एका बारीकशा किड्यात सापडले आणि त्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं. चरबीची पेशी कशी घडायची, यातही त्यांचा हात असतो. २०१२ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना दिसलं, की गाभण असताना प्रथिनं कमी मिळालेल्या उंदरांच्या पिलांत आणि जन्मतः कमी वजनाच्या माणसांतही असा एक रेणू चरबीत जास्त असतो. तो चरबीच्या पेशींची वाढ रोखतो. वाटेल, बरंच झालं की! पण कणगी लहान पडली की धान्य घरभर सांडतं. तशी जादा चरबी यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते.

म्हणून काय, सगळं नशिबावर ढकलून व्यायाम सोडायचा? मुळीच नाही. चालायचं, गोड-तळलेलं आवरायचं, कमरेला टेप लावून बघायची. ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर साखर तपासून घ्यायची. आणि आता सगळा दोष आईच्या माथी मारायचा, असंही नाही. तिच्या ताटात काय पडलं, हे तिनं एकटीनं थोडंच ठरवलं होतं?

खरा प्रश्न तिथंच आहे. आपल्याकडे सून सगळ्यांच्या शेवटी जेवते, तळाची आमटी घेते. "जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल," असं सांगणाऱ्या सासवा मी आजही बघते. पुण्याच्या त्याच अभ्यासात पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा घेणाऱ्या आयांची बाळं अंगानं बरी निघाली. त्याला महागडी पावडर लागत नाही. शेवग्याचा पाला, माठ, नाचणी, डाळ, वाटीभर दूध आपल्या भागात मिळतंच. ते तिच्या ताटात पडायला हवं, आणि तेही दिवस गेल्यावर नव्हे, ती शाळेत जाते तेव्हापासून.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणाच्या सुटलेल्या पोटाला हसण्याआधी आपल्या घरातल्या पोरीच्या ताटात डोकावून बघा. दुधाचा पेला भावाला पूर्ण आणि तिला अर्धा मिळत असेल, तर आजपासून दोघांनाही सारखाच भरा.