‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरंच फायनल’

अशा नावांच्या फाइल तुमच्याही लॅपटॉपवर असतीलच. कॉलेजच्या स्टुडिओतल्या कॅमेऱ्यांचं मॅन्युअल आम्ही असंच केलं होतं. छापायला वर्ड, व्हॉट्सॲपवर पाठवायला पीडीएफ, शिवाय वेबपेज. ‘कार्ड फॉरमॅट करण्याआधी फुटेज कॉपी करा’ ही ओळ नंतर वर्डमध्ये घातली, पीडीएफमध्ये राहून गेली. ज्युनियर्सनी नेमकी पीडीएफ वाचली. अख्खं शूट गेलं!

म्हणून सांगते, मजकूर एकदाच लिहा, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. मार्कडाउन शिकायला तासभर पुरे: हेडिंगआधी हॅश, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या. त्याच फाइलवरून पॅनडॉक हे फुकट सॉफ्टवेअर वर्ड, वेबपेज, ई-बुक, पीडीएफ सगळं काढून देतं. २००६ मध्ये ते आणलं जॉन मॅकफार्लेन यांनी, जे बर्कलीत तत्त्वज्ञान शिकवतात. (आर्ट्सवाल्यांनो, कॉलर टाइट!) दुरुस्ती मात्र मूळ फाइलमध्येच करायची आणि कमांड पुन्हा चालवायची. घाईत थेट वर्डमध्ये हात घातलात की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मराठी पीडीएफ पहिल्या झटक्यात येत नाही, हेही सांगून ठेवते. झीलाटेक्स टाकून घ्यावं लागतं, देवनागरी फॉन्टचं नाव द्यावं लागतं. माझी त्यात एक संध्याकाळ गेली. आता मॅन्युअलमधली ओळ बदलायला पाच मिनिटं लागतात.