पाटीवरचा अंगठा

मुलांनो, 'टॅब्लेट' हा शब्द ऐकून बुजू नका. इंग्रजीत लिहिण्याच्या छोट्या सपाट पाटीला टॅब्लेट म्हणत. उर्दूत तुम्ही तिला तख्ती म्हणता. २०१० साली ॲपल कंपनीचा आयपॅड आला आणि काचेची ही पाटी जगभर पोहोचली. आपल्या केंद्र सरकारनेही २०११ साली विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब्लेट आणला होता.

नवे शब्द परके वाटतात, पण ते फार दिवस परके राहत नाहीत. हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यांतल्या काही पदांत अरबी-फारसी शब्दही सापडतात. जिथे गेले तिथली बोली त्यांनी आपलीशी केली. म्हणून 'स्क्रीन'ला पडदा म्हणा किंवा स्क्रीनच म्हणा, माझी काही तक्रार नाही. 'पडदा' तर तुमच्या उर्दूतूनही आलेला आहे. अर्थ मात्र नीट कळला पाहिजे.

दुकानदार म्हणतो, "हा चार-चौसष्टचा आहे." यातले चार म्हणजे रॅम आणि चौसष्ट म्हणजे स्टोरेज. दोन्ही जीबीमध्ये मोजतात, म्हणून घोटाळा होतो. स्टोरेज हे घरातले कपाट समजा. फोटो, पुस्तके, धडे तिथे राहतात. रॅम म्हणजे अभ्यासाला बसल्यावर समोर मांडलेली वह्या-पुस्तके. मांडायला जागा कमी असेल तर काम अडखळते. टॅब्लेट बंद केला की मांडलेले सारे आवरले जाते, कपाटातले तसेच राहते. म्हणून टॅब्लेट संथ चालत असेल, तर प्रत्येक वेळी फोटोच पुसत बसू नका. आधी उघडी पडलेली ॲप बंद करून पाहा.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वाय-फाय ही नळी आहे, इंटरनेट हे पाणी. काही टॅब्लेटमध्ये सिमकार्ड बसतच नाही. असा टॅब्लेट घेतला आणि घरी वाय-फाय नसेल, तर नेट मिळवायला जवळ कोणाचा तरी फोन लागेल. घेण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचा शब्द, 'अलाऊ'. म्हणजे परवानगी. नवे ॲप घेतले की ते विचारते: तुमचे फोटो पाहू? कॅमेरा वापरू? फोनमधले नंबर वाचू? आपण घाईने 'अलाऊ' दाबतो आणि खेळू लागतो.

१९४८ पर्यंत हिंगोलीचा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला दस्तऐवजातले शब्द कळले नाहीत, तर लिहिणारा सांगेल तेच खरे धरून तो अंगठा उठवी. आज आपण काचेवर अंगठा टेकवतो. फरक मला फारसा दिसत नाही. विजेरीच्या ॲपला तुमच्या मामाचा नंबर कशाला हवा? असा प्रश्न पडला, की 'नाही' म्हणायला शिका. नकाशाच्या ॲपला तुमचे ठिकाण हवे असते, तिथे 'हो' म्हणणे योग्य. ओटीपी हाही तसाच शब्द. तो एकदाच चालणारा गुप्त आकडा आहे. फोनवर मागणारा कितीही गोड बोलला, तरी तो सांगू नये.

इंग्रजी अडत असेल, तर सेटिंग्ज उघडा आणि भाषा बदला. बहुतेक टॅब्लेटमध्ये मराठी असते, उर्दूही असते. उर्दू निवडली की पडद्यावरचा मजकूर उजवीकडून डावीकडे वाचता येतो. तिथेच परवानग्यांची यादीही सापडते. आज रात्री घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून ती वाचा. दिलेली परवानगी तिथे काढून घेता येते. ॲपने आधीच नेलेली माहिती मात्र परत येत नाही.