हुंड्यात दिलेला मुलूख



बांधाचा तंटा मिटावा म्हणून दोन घरांत सोयरीक जुळवल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. आज तशीच एक सांगतो. इथे बांध दोन राज्यांचा होता आणि नवरी जेमतेम पाच वर्षांची होती.

कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचे इस्तंबूल. तेथे बायझंटाईन सम्राट दुसरा आंद्रोनिकस राज्य करीत होता. त्याची राणी आयरीन हिच्या मुली जगत नव्हत्या. म्हणून नवी लेक झाली तेव्हा बारा ख्रिस्तशिष्यांच्या तसबिरींपुढे बारा मेणबत्त्या लावल्या. सायमनपुढची सर्वांत शेवटी विझली, म्हणून मुलीचे नाव सिमोनिस ठेवले, अशी हकिकत आहे. अशी ही नवसासायासाची पोर!

शेजारच्या सर्बियाचा राजा मिलुतिन याने १२८२ साली स्कोप्ये शहर घेतले आणि तो दक्षिणेकडे सरकू लागला. पूर्वेकडून तुर्कांचा रेटा होताच. दोन्हीकडे लढण्याचे बळ सम्राटापाशी नव्हते. त्याने आपली विधवा बहीण युडोकिया हिला मिलुतिनशी लग्न करण्यास सुचवले. तिने साफ नकार दिला. जाणती बाई 'नाही' म्हणू शकली. मग पाळी आली सिमोनिसची.

वराने चाळिशी ओलांडलेली, आधीची लग्ने झालेली. धर्मगुरूंनी हरकत घेतली. पण १२९९ साली लग्न लागलेच. मिलुतिनने जिंकलेला मुलूख हुंडा म्हणून मान्य केला. म्हणजे बळकावलेल्या जमिनीचा सातबारा जावयाच्या नावे करून दिला, असे समजा!

तह टिकला, हे खरे. पुढे तुर्कांविरुद्ध सर्बियाची कुमकही आली. पण पोरीचे काय? तिला मूलबाळ झाले नाही. १३१७ साली आई वारली, तेव्हा ती माहेरी आली. परत जायचे नाही म्हणून तिने वाटेत जोगिणीची वस्त्रे अंगावर चढवली. सावत्र भावाने ती उतरवून तिला सासरी धाडले. १३२१ साली मिलुतिन वारल्यावरच ती सुटली, कॉन्स्टँटिनोपलला परतली आणि मठात राहिली.

कोसोवोतील ग्राचानित्सा येथील चर्चच्या भिंतीवर तिचे चित्र आजही आहे. दागिन्यांनी मढलेली राणी. पण चित्रातले डोळे कोणीतरी खरवडून काढलेले.

आणि तो बांध? मिलुतिनचा नातू दुशान याने पुढे बराच मुलूख गिळला आणि १३४६ साली स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करवून घेतला. लेक देऊन राखलेली सीमा पन्नास वर्षेही टिकली नाही.

बंधूंनो, बांधाचा वाद मोजणीने मिटवा, पंचांपुढे मिटवा. त्यात लेकीचे नाव येऊ देऊ नका. आणि तिच्या लग्नाची गोष्ट निघेल, तेव्हा आधी तिला विचारा. 'नाही' म्हणण्याइतके तिचे वय होऊ द्या.