पाइप घासू नका, आधी वाचा

शिरूर-दौंडकडच्या माझ्या माणसांनो, एक विनंती आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत, देवळीत, आजोबांच्या कोटाच्या खिशात कुठे एखादा लाकडी विलायती पाइप निघाला, तर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. आणि चकचकीत करायला तर मुळीच बसू नका.

आपल्या घरात कुठला आलाय असला पाइप, असं वाटेल. पण आपला मुलूख आठवा. घोडनदीला, म्हणजे शिरूरलाच, इंग्रजांची छावणी होती. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर शिरूरला आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावच्या लढाईच्या वाटेला लागली, ती शिरूरहूनच. पुढे दौंडला रेल्वेचं जंक्शन झालं, तिथे गोरे आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड राहिले. दोन्ही महायुद्धांत गावोगावची पोरं परमुलखात जाऊन आली. साहेबानं जाताना दिलेल्या वस्तू अशा घरोघर राहिल्या. ज्यांनी त्या आणल्या ते गेले आणि वस्तू मुक्या झाल्या.

आमच्या घरातही असा एक पाइप होता. चुलत आजोबा दौंडला रेल्वेत होते, त्यांना तो मिळालेला. विशीत असताना मी तो हौसेनं काढला, पॉलिश पेपरनं लाकूड घासलं, चांदीचं कडं राख लावून रोज चोळलं. पाइप झळकायला लागला. दांड्यावर काही बारीक अक्षरं होती आणि कड्यावर चार ठसे होते, एवढंच आता आठवतं. ती अक्षरं माझ्याच हातानं गेली. पाइप कुणी केला, कुठल्या साली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

जुन्या इंग्लिश पाइपची ओळख वाटीवर नसते, दांड्यावर असते. तंबाखू भरायची वाटी आणि तोंडात धरायची काळी नळी यांच्या मधला जो लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही अंगांना आणि खालून पाहा. उजेड तिरका पडू द्या, मोबाइलची बॅटरी बाजूनं धरा. कारखान्याचं नाव, आकाराचा आकडा, ‘लंडन’ किंवा ‘मेड इन इंग्लंड’ असे ठसे दिसतील. ते इतके उथळ असतात की थोड्याशा घासण्यानंही पुसट होतात. काळ्या नळीवर वरच्या अंगाला पांढरा ठिपका असेल, तर तो डनहिलचा पाइप असू शकतो. आल्फ्रेड डनहिलनं १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान काढलं आणि पुढे हा ठिपका त्याच्या मालाची खूण झाला. पण नुसत्या ठिपक्यावर भुलू नका. ठिपके दुसऱ्या कारखान्यांनीही लावले, आणि नळी मोडली की भलतीच बसवली जायची. दांडा आणि नळी दोन्ही एकच गोष्ट सांगतायत का, ते बघा.

चांदीचं कडं असेल तर नशीब म्हणा. त्यावरचा चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला पारखलेली, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनला. शेजारचं एकटं अक्षर साल सांगतं. तीच अक्षरं पुन्हा पुन्हा फिरून येतात, म्हणून अक्षराभोवतीची चौकट कशी आहे तेही टिपा. मात्र ते साल चांदीचं असतं. तडकलेला दांडा सावरायला कडं मागाहूनही चढवत असत.

लाकूड बहुतेक ब्रायरचं असतं. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची ती गाठ, विस्तवाला दाद न देणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिचे पाइप होऊ लागले. नळी काळ्या कडक रबराची. त्या रबरात गंधक असतो, म्हणून उन्हानं ती हिरवट-तपकिरी पडते. तो मळ समजून खरवडू नका, ती वयाची खूण आहे.

ब्रायर येण्याआधी इंग्रज माणूस पांढऱ्या मातीचा पाइप ओढायचा. छावणीच्या बाजूच्या रानात नांगरताना खडूसारखा, मधून भोक असलेला तुकडा वर आला, तर तो अशा पाइपचा असू शकतो. हॅरिंग्टन या अमेरिकन अभ्यासकानं १९५४ साली दाखवून दिलं, की सतराव्या शतकापासून अठराव्यापर्यंत ही भोकं बारीक होत गेली, आणि पुष्कळ तुकड्यांची भोकं मोजून त्यांचा अंदाजे काळ बांधता येतो. शिरूरची छावणी त्यानंतरची, त्यामुळे ते माप इथे चालणार नाही. इथे कारागिराचा ठसा किंवा नक्षीच कामाला येईल. आपली चिलीम वेगळी. ती सरळ, आत खडा, खाली ओली छापी. विलायती पाइपची वाटी दांड्याशी कोन करून उभी असते.

आता इनामगावचं सांगतो, कारण खरा धडा तिथलाच आहे. घोडनदीच्या काठच्या आमच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलं. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लेकरं निघाली. लाल भांड्यांवर काळ्या रेघा निघाल्या, ती जोर्वे पद्धतीची भांडी. खापर कुठल्या थरात, कुठल्या चुलीपाशी, कुठल्या हाडांशेजारी होतं, हे लिहिलं गेलं म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव उभं राहिलं. तेच खापर खिशात घालून घरी नेलं असतं तर ते नुसतं खापर राहिलं असतं. नाव द्यायचीही घाई नको. तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांबरोबर आला. पांढरीच्या जुन्या थरात मातीची नळी मिळाली तर ती तंबाखूची चिलीम नव्हे, दुसरं काही असणार.

म्हणून पाइप सापडला की कोरड्या मऊ फडक्यानं धूळ तेवढी टिपा. पाणी नको, तेल नको, चिकटवायला फेविक्विक नको. वाटीतली काजळी खरवडू नका. शेजारी पट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आणि ओढून बघू नका. जपायला घेतलेली वस्तू जपण्यासाठीच असते, तंबाखूनं आपल्या घरांचं पुरेसं वाटोळं केलेलं आहे.

जमिनीत काही सापडलं तर तिथेच थांबा, आणखी उकरू नका, तहसील कचेरीत कळवा. पुरलेल्या धनाचा कायदा १८७८ सालापासून आहे. शंभर वर्षांपलीकडची पुरावस्तू परदेशी पाठवायला १९७२ च्या कायद्यानं मनाई आहे. आणि दारात येऊन ‘जुनं काही आहे का’ विचारणाऱ्याला पहिल्याच बोलीला देऊन टाकू नका. असल्या वस्तूंचं मोल काय ते बघायचं तर, पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्यांचं संग्रहालय पोराबाळांना घेऊन एकदा पाहून या.

आणि घरात आजी असेल, थोरली आत्या असेल, तर याच आठवड्यात तिच्याजवळ बसा. पाइप तिच्या हातात द्या. हा कुणाचा, कुणी दिला, ते कुठे कामाला होते, विचारा. ती सांगेल तसंच, तिच्याच शब्दांत कागदावर उतरवा, खाली तारीख घाला, आणि तो कागद पाइपबरोबर त्याच डब्यात ठेवा.